कंट्रोलच फुगले

चार वर्षं मी पुण्यात एका लॅबच्या अ‍ॅनिमल हाऊसला होते. कुठली लॅब ते विचारू नका. रोज सकाळी बाणेर रोडच्या ट्रॅफिकमधून जायचं, एप्रन चढवायचा आणि उंदरांचा वास नाकात घेऊन संध्याकाळी घरी यायचं, आई म्हणायची आधी आंघोळ मग चहा.

त्या वेळी बीपीएची टेस्ट चालू होती. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए, पॉलीकार्बोनेट प्लास्टिक ह्याच्यापासून बनतं, आणि ते शरीरात थोडंफार इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे बायकांच्या हार्मोनसारखं वागतं हे १९३६ पासून माहितीये. टेस्ट तशी सोपी. साधारण अठरा दिवसांची रॅटची मादी पिल्लं घ्यायची, तीन दिवस रोज तोंडावाटे डोस, चौथ्या दिवशी गर्भाशय काढून वजन करायचं. पदार्थ इस्ट्रोजेनसारखा असेल तर गर्भाशय फुगतं. कंट्रोल ग्रुपला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या पिल्लांना, नुसतं कॉर्न ऑइल, त्यांचं गर्भाशय दोऱ्याएवढं राहायला हवं. पिल्लाच्या वजनाच्या ०.०९ टक्क्याच्या वर गेलं की समजायचं कायतरी गडबडलंय.

त्या दिवशी जोराचा पाऊस, लाइट येऊन जाऊन, आणि काट्यावर मी. पहिलं कंट्रोलचं पिल्लू ५० ग्रॅमचं, म्हणजे ४५ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, आलं ६२. म्हणलं काटा हलला असेल. स्टँडर्ड वजन ठेवून बघितलं तर काटा बरोबर. दुसरं ५८. तिसरं ६६. पोटात गोळाच आला. मॅडमनी शांतपणे विचारलं, "डोस अदलाबदल नाही ना झाली गं?" त्यांच्या त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटायची. शेपटीवरच्या खुणा, डोस रजिस्टर, सह्या सगळं परत तपासलं, सगळं नीट.

मग कुणीतरी पिंजऱ्यातली पॉलीकार्बोनेटची पाण्याची बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. दुधाळ झालेली, बारीक बारीक चिरा. झालं, सगळ्यांना एकदम ती अमेरिकेतली गोष्ट आठवली. १९९८ साली ओहायोत पॅट्रिशिया हंट ह्यांच्या लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे नि बाटल्या चुकून फरशी पुसायच्या जहाल क्लीनरने धुतल्या गेल्या, प्लास्टिक खराब होऊन बीपीए बाहेर आलं, आणि ज्यांच्यावर काहीच प्रयोग नव्हता त्या माद्यांच्या अंड्यांत गुणसूत्रांची मांडणी बिघडलेली दिसली. एरवी एकदोन टक्के असायचं ते ४० टक्क्यांवर गेलं. २००३ ला पेपर आला. आमच्या फील्डमध्ये ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

धुणाऱ्या मावशींना बोलावलं. त्या म्हणाल्या, नेहमीचा साबण संपला होता, स्टोअरमधून हा डबा दिला, मी तोच वापरला. पाचसहा जण भोवती उभे, त्या मधे, हातातलं ओलं फडकं पिळत. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, कारण सकाळपासून सगळे माझ्याकडे बघत होते ते आता मावशींकडे बघायला लागले.

संध्याकाळी मॅडम कागदपेन घेऊन बसल्या. म्हणाल्या, अंड्यांचं वेगळं, तिथे अगदी सूक्ष्म डोसलासुद्धा परिणाम दिसलाय. पण तोंडावाटे दिलेल्या बीपीएने ह्या टेस्टमध्ये गर्भाशय फुगायला किलोमागे काहीशे मिलिग्रॅम लागतात, बाटलीतून झिरपतं ते मायक्रोग्रॅममध्ये, हिशोब बसतच नाही. मग अजून काय बदललंय? कुणालाच काही सुचेना. शेवटी ट्रेनी पोरगं म्हणालं, मॅडम फीडची गोणी नवीन आहे.

नेहमीच्या फीडला उशीर झाला म्हणून दुसरं मागवलं होतं. लेबलवर सोयाबीन पेंड. सोयामधलं जेनिस्टीनसुद्धा इस्ट्रोजेनसारखंच वागतं, म्हणून तर ह्या टेस्टला फीडमध्ये ग्रॅममागे ३५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. फीड तपासायला पाठवलं, रिपोर्ट आला, लिमिटच्या बराच वर. आणि गोणी आत घेतल्याच्या रजिस्टरवर सही कुणाची, तर माझी. लेबल न वाचताच केलेली.

अख्खा स्टडी बाद. तेवढी पिल्लं फुकट गेली हे अजून डोक्यातून जात नाही, एथिक्स कमिटीला लिहून द्यावं लागलं तेही मीच लिहिलं. परत केला तो सोया नसलेल्या फीडवर आणि काचेच्या बाटल्यांत. त्या फार जड म्हणून मावशींची कुरकुर.

मावशींना मी सगळं सांगितलं, माझी चूक होती म्हणून. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग कोपऱ्यात भंगारात काढलेल्या बाटल्यांकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यातल्या दोन नेऊ का घरी? तेल ठेवायला."

म्हणलं नको मावशी, त्या नका नेऊ.

"का? तुम्हीच म्हणलात ना आत्ता, बाटल्यांचा दोष नव्हता."

आता काय सांगणार, कप्पाळ. मी सुरुवात केली, अंडी वेगळी, गर्भाशय वेगळं, तर त्यांनी घड्याळ बघितलं, कात्रजची बस सुटेल म्हणाल्या आणि छत्री उघडून गेल्या.