राउटरचे बफर वाढवले आणि काम अजून बिघडलं

हिंजवडीतल्या एका आयटी बिल्डिंगचं बीएमएस (एसी वगैरे एका जागेवरून चालवणारी सिस्टीम) मी सांभाळतो. सिस्टीम जुनी, लॉनवर्क्सवाली, म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलायचं एक नेटवर्क. प्रत्येक मजल्यावर ७८ केबीपीएसची दोन वायरची लाइन, आणि सगळे मजले आपापल्या राउटरमधून १.२५ एमबीपीएसच्या बॅकबोनला, म्हणजे मुख्य लाइनला, जोडलेले. पाचव्या मजल्यावर ५८ व्हीएव्ही आहेत, म्हणजे खोलीत किती थंड हवा सोडायची ते ठरवणारे डबे, प्रत्येकाला एक कंट्रोलर. मूळ डिझाइनमध्ये ३२ च होते, मग केबिन वाढत गेल्या आणि ज्याने त्याने जवळच्या वायरला टॅप मारून कंट्रोलर लावले.

तर झालं असं की रोज सकाळी ८ ला शेड्यूल सुरू झालं की त्या मजल्यावरचे सहा-सात व्हीएव्ही झोपलेलेच राहायचे, आणि तेही रोज वेगळे, आज अकाउंट्सवाल्यांकडे गरम तर उद्या मीटिंग रूममध्ये. ८:२० ला अॅडमिनच्या मॅडमचा फोन ठरलेला, "अहो, एसी चालू केलाय ना नक्की?"

आधी सगळे करतात तेच केलं. वायरिंग बघितलं, टर्मिनेटर, म्हणजे लाइनला लावायचा रेझिस्टर, मोजला (वायर कशीही फांद्या काढून टाकलेली असली, म्हणजे फ्री टोपोलॉजी, की ५२.३ ओहम लागतो, बरोबर होता), दोन कंट्रोलर बदलले. काडीचा फरक नाही. शेवटी लॅपटॉप घेऊन शाफ्टमधल्या पॅनेलपाशी स्टूल टाकून बसलो, ७:५५ ला राउटरचे काउंटर क्लिअर केले आणि ८:०५ ला परत वाचले तर 'मिस्ड मेसेज' ४१! म्हणजे ४१ पॅकेट (लाइनवरचे छोटे मेसेज) आले पण ठेवायला नेटवर्क बफर, म्हणजे तात्पुरती जागा, रिकामा नव्हता, म्हणून राउटरने गपचूप टाकून दिले.

आता बॅकबोन मजल्याच्या लाइनच्या १६ पट फास्ट. बीएमएसचा सर्व्हर ५८ जणांना एकेक कमांड धडाधड सोडतो, खाली लाइन सेकंदाला फार तर दोनशेच्या आसपास पॅकेट ओढते, मधली गर्दी राउटरच्या रांगेत. आमच्या राउटरमध्ये खाली जाणाऱ्या रांगेला १५ बफर होते, प्रत्येकी ६६ बाइटचे. मला वाटलं सोप्पं आहे, बफर वाढवू.

इथे एक गंमत आहे, मनाला येईल तो आकडा टाकता येत नाही. संख्येत १५ च्या पुढे थेट २३, मग ३१. साइजमध्ये ४२, ५०, ६६, ८२ अशा ठरलेल्या पायऱ्या. आणि राउटरमधल्या न्यूरॉन चिपची रॅम सगळी मिळून २ केबी, त्यातच बाकीचा संसार. २३ गुणिले ६६ म्हणजे १५१८, बसत नव्हतं. मग मी हुशारी केली, साइज ४२ वर आणली, २३ गुणिले ४२ म्हणजे ९६६, आधीच्या ९९० पेक्षाही कमी! राउटरच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी चिप असते, त्यामुळे दोन्हीकडे सेटिंग करून रीसेट मारला आणि रात्री साडेबाराला खुशीत घरी गेलो. तातडीच्या मेसेजसाठीचे, प्रायॉरिटीचे दोन बफर मात्र हलवले नाहीत, धुराच्या वेळच्या कमांड आमच्याकडे त्यातून जातात.

सकाळी मिस्ड ६० च्या वर. शिवाय पाचव्या मजल्याचे अलार्म स्क्रीनवर यायचेच बंद, आणि बदललेला एक कंट्रोलर लॅपटॉपवरच्या टूलमधून कमिशनच (नेटवर्कमध्ये सामील) होईना.

अलार्मचं लगेच कळलं. अलार्मचा व्हेरिएबल, म्हणजे त्याचा डेटा, २९ बाइटचा, त्यावर पत्ता-बित्ता आणि बाकीचा हेडर धरला की ४२ च्या डब्यात मावतच नाही. टूलचे मोठे मेसेज पण तसेच बाहेर. छोट्या कमांड जात होत्या म्हणून वरवर सगळं ठीक दिसत होतं.

पण मिस्ड का वाढला हे कळायला अजून एक रात्र गेली. कमांड अॅकनॉलेज्ड होत्या, म्हणजे प्रत्येकीची पोचपावती यायची. पावतीची वाट बघायचा ट्रान्समिट टायमर ९६ मिलिसेकंद, नाही आली तर रिट्राय ३. रांगेत १५ पॅकेट असताना शेवटच्याला साधारण ७५ मिलिसेकंद थांबावं लागायचं. २३ केल्यावर ते ११५ च्या आसपास गेलं, म्हणजे पॅकेट अजून रांगेतच उभं आहे तोवर सर्व्हरला वाटतं पोचलंच नाही, तो परत पाठवतो, ते पण त्याच रांगेत घुसतं. एकाच कमांडच्या दोन-दोन तीन-तीन कॉप्या, आणि ज्यांची पहिलीच यायची आहे त्यांना जागा नाही. रांग लांब करून मीच गर्दी वाढवली होती!

मग सगळं परत १५ आणि ६६ वर आणलं. ट्रान्समिट टायमर २५६ केला. आणि खरा उपाय म्हणजे ऑक्युपन्सीची (ऑफिस सुरू झाल्याचं सांगणाऱ्या कमांडची) ती ५८ वेगवेगळी बाइंडिंग, म्हणजे सर्व्हर ते कंट्रोलर जोडण्या, काढून टाकली, त्याऐवजी त्या सबनेटला (मजल्यावरच्या कंट्रोलरच्या गटाला) एकच ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम मेसेज, अॅक (पोचपावती) नाही, तीन वेळा रिपीट. ५८ कमांड आणि वर त्यांच्या ५८ पोचपावत्या, त्या जागी मोजकीच पॅकेट. बाइंडिंगला दोन तास लागले, कारण जुन्या ड्रॉइंगमध्ये ११ कंट्रोलरची नावंच चुकीची होती, छताच्या टाइल्स उचलून एकेकाचं सर्व्हिस पिन (कंट्रोलरची ओळख पाठवणारं बटण) दाबत बसावं लागलं आणि हेल्पर पोराच्या डोक्यात सगळी धूळ.

गेला आठवडाभर पाचव्या मजल्याचा मिस्ड शून्यावर आहे. सातव्या मजल्यावर पण ५० च्या वर व्हीएव्ही झालेत, तिथला काउंटर काल ९ होता, रविवारी शटडाउन मिळाला की तिथलीही बाइंडिंग काढतो.