वहिनीचा एमआरआय

वहिनीच्या बायोप्सीत स्तनाचा लोब्युलर कॅन्सर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणारा प्रकार) निघाला आणि परळच्या डॉक्टरांनी ऑपरेशनआधी एमआरआय सांगितला. मॅमोग्राफी, सोनोग्राफी झालेली, मग आता हे कशाला, असं दादाचं म्हणणं. पण या प्रकारात पेशी घट्ट गाठ न करता रांगेने पसरतात, मॅमोग्राफीत पसारा कमी दिसू शकतो.

पालथं झोपायचं, स्तन खालच्या दोन पोकळ्यांत सोडायचे, डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून गॅडोलिनियम या द्रव्याचं इंजेक्शन, कानात यंत्राची ठकठक. सुईपेक्षा छातीच्या हाडाला रुतणारी मधली पट्टी जास्त दुखली, म्हणाली.

रिपोर्टात आणखी एक डाग आला. घरात लगेच ‘सगळंच काढून टाका’ सुरू! डॉक्टर ठाम होते: एमआरआयमध्ये चमकेल ते सगळं कॅन्सर नसतं, आधी त्या डागाची बायोप्सी. तो डाग साधा निघाला, कॅन्सर नव्हताच. मला त्या डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटले.

सरसकट प्रत्येकीचा एमआरआय करावा, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या ‘कॉमिस’ या वैद्यकीय अभ्यासात स्तनाचा कॅन्सर असलेल्या १६२३ स्त्रिया होत्या, काहींचा एमआरआय केला, काहींचा नाही. २०१० साली निकाल आला. एमआरआय करूनही पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण घटलं नाही, दोन्ही गटांत साधारण १९ टक्केच. या रिपोर्टने ऑपरेशनचा बेत बदलणार आहे का, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

वहिनीचं ऑपरेशन मंगळवारी आहे, स्तन राखूनच.