तुम्ही विचारलेत म्हणून : वचन धरले, तरी बाग का गेली?

"देवाची वचने धरता म्हणजे तुम्ही नेमके काय करता, आणि ती धरूनही तुमची मोसंबीची बाग का गेली?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की, विचारणाऱ्याने तोंड उघडण्याआधीच मला तो ऐकू येतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक गावातले शेजारी. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे असते, आणि त्यांना मी जमेल तसे सांगत आलो आहे. दुसरे आमच्याच मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, विश्वासणारे. त्यांच्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न उभा असतो, तो असा की, तुमचा विश्वास नेमका कुठे कमी पडला? या दुसऱ्यांना मी आजवर उत्तर दिले नव्हते. ते आता देतो.

प्रथम एक गोष्ट बाजूला करतो, कारण ती प्रत्येक संभाषणात आडवी येते. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात तिथले दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, त्या काळापासून आमच्यासारख्या घराण्यांविषयी 'धान्यासाठी धर्म घेतलेले लोक' असे बोलले गेले आहे. त्यामुळे आम्ही देवाजवळ काही मागतो असे म्हटले की, ऐकणाऱ्याला तो जुनाच व्यवहार पुढे चालू आहे असे वाटते: इकडून विश्वास द्यायचा, तिकडून पीक घ्यायचे. माझ्या वडिलांनी 1972 च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या वर्षी त्यांना देवाकडून काहीच 'मिळाले' नव्हते, तरी रात्रीची कुटुंबप्रार्थना एकदाही चुकली नाही. ज्याला हा व्यवहार वाटतो त्याने त्या वर्षाचा हिशेब मांडून दाखवावा.

वचन धरणे म्हणजे देवाने पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जे म्हटले आहे ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचायचे, आणि 'प्रभू, हे तू बोलला आहेस, मी त्यावर उभा आहे' असे सांगून पुढच्या कामाला लागायचे. हे बहुतेक लहान गोष्टींतच घडते. पीककर्जाचे नूतनीकरण अडले की, 'मी तुला सोडणार नाही आणि टाकणार नाही' हे इब्री लोकांच्या पत्रातले वचन मी मनात म्हणतो. ते म्हणताना त्याच ओळीचा आधीचा भागही म्हणावा लागतो, आणि तो भाग द्रव्यलोभ सोडा, जवळ आहे त्यात समाधानी राहा असे सांगतो. म्हणजे बँकेच्या बाकावर बसून मी जे वचन देवापुढे ठेवतो, तेच माझ्याकडूनही काहीतरी मागत असते. मुलीच्या परीक्षेच्या वेळी, आईच्या आजारपणात, बाजार समितीत भाव पडलेला असताना मी हेच केले आहे. काही वेळा मागितले ते मिळाले, काही वेळा नाही, आणि त्याची मी कधी नोंदवही ठेवली नाही.

आता बागेविषयी. 2012 चा पावसाळा आमच्या जिल्ह्यात कसा गेला हे इथल्या कोणालाही सांगायची गरज नाही. जालना शहर टँकरवर आले होते, आणि आमच्या विहिरीने जानेवारीतच तळ दाखवला. बाग वडिलांनी नव्वदीच्या दशकात लावलेली होती, न्यूसेलर जातीच्या मोसंबीची, सुमारे चारशे झाडांची. त्या वर्षी आम्ही बहार धरलाच नाही, म्हणजे फळ घेतलेच नाही. फक्त झाडे जगवायची एवढेच ठरवले, झाडांभोवतीच्या आळ्यांत उसाचे पाचट टाकले आणि विकतचे पाणी ठिबकमधून थोडे थोडे सोडू लागलो.

त्याआधी, 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, दरवर्षीप्रमाणे प्रत्येक घराला वचनाचे कार्ड मिळाले होते. आमच्या कार्डावर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन होते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला आशा देणारे आहेत. वडिलांनी ते कार्ड विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या वर चिकटवले.

मार्च महिन्यात मंडळीने पावसासाठी उपास-प्रार्थना ठेवली आणि तीसाठी बाहेरगावचे एक सुवार्तिक, म्हणजे फिरते प्रचारक, बोलावले. त्यांनी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा अकरावा अध्याय घेतला. तो अध्याय कोरडवाहू शेतकऱ्याने वाचावा असाच आहे. त्यात मोशे इस्राएल लोकांना सांगतो की, तुम्ही ज्या देशात जात आहात तो मिसरासारखा, म्हणजे इजिप्तसारखा, नाही. मिसरात तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्यासारखे पायाने पाणी देत होता, पण हा डोंगरांचा आणि खोऱ्यांचा देश आकाशातल्या पावसाचे पाणी पितो, आणि तुम्ही देवाच्या आज्ञा पाळल्या तर तो योग्य समयी पाऊस देईल. इथपर्यंत मीही मान डोलवत होतो. मग सुवार्तिक म्हणाले की, टँकरचे पाणी हे मिसराचे पाणी आहे. ज्याने आकाशाचे वचन धरले त्याने मिसराकडे पाहायचे नाही. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालत होता तोवर चालत होता, वारा पाहून भ्याला तेव्हा बुडू लागला. नंतर त्यांनी बागायतदारांना कळेल असा दाखला दिला: तुम्ही बहारासाठी झाडाचे पाणी तोडून ताण देता ना, तसा देव तुम्हांला ताण देत आहे. शेवटी त्यांनी त्याच अध्यायातली पुढची वचने वाचली, जिथे लोक अन्य दैवतांकडे वळले तर देव आकाश बंद करील असे म्हटले आहे, आणि सभेकडे पाहून विचारले, "कोणाच्या पापाने हे आकाश बंद झाले आहे?"

सभेत कोणी काही बोलले नाही. माझे वडील मंडळीच्या पंचांपैकी एक ('एल्डर') होते, पंच्याहत्तरीच्या आसपासचे, आणि माझ्यापेक्षा दहापट सरळ मनाचे. त्या संध्याकाळी त्यांनी मला टँकरवाल्याला फोन करून उद्यापासून येऊ नको असे सांगायला लावले.

मी वाद घातला. मी म्हणालो, "बाबा, ताण किती दिवस द्यायचा हे आपल्याला जमीन पाहून ठरवता येतं. पानं किती गळाली ते पाहून आपण पाणी सोडतो. हा ताण नाही, हा दुष्काळ आहे." मी मत्तयाचा चौथा अध्याय काढला. तिथे मंदिराच्या शिखरावर येशूला उडी टाकायला सांगणारा सैतानच स्तोत्रातले वचन म्हणून दाखवतो, देवदूत तुला हातांवर झेलतील असे, आणि येशू ती उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नको असे उत्तर देतो. मी विचारले, "टँकर बंद करणं ही ती उडी नाही का?" वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "असेल. पण मी साठ वर्षं वचनं वाचली, एकदा तरी हातात काही न ठेवता उभं राहून पाहू दे." बाग त्यांची होती. मी फोन केला.

पुढचे फार सांगवत नाही, पण सांगितल्याशिवाय माझे म्हणणे कोणाला कळणार नाही. वडील रोज पहाटे बागेच्या मधोमध उभे राहून अनुवादातली ती वचने मोठ्याने वाचत. उन्ह चाळिशीच्या वर गेले. आधी पाने आतल्या बाजूला वळली, मग गळाली, मग शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येऊ लागल्या. एप्रिलच्या अखेरीस मी एका फांदीची साल नखाने खरवडली, तर आत हिरवे काही नव्हते. मी दुसरे झाड पाहिले, तिसरे पाहिले, आणि वडील माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी स्वतः एका झाडाची साल खरवडली आणि म्हणाले, "वखारवाल्याला बोलाव." मे महिन्यात लाकूडतोडे आले. मोसंबीच्या लाकडाला जळणाखेरीज फारसा उपयोग नसतो. ट्रॅक्टर भरून ते वीटभट्टीवर गेले. सर्व झाडे उतरेपर्यंत वडील बांधावर बसून राहिले. कोणी पाणी दिले तर घेत होते, बोलत नव्हते.

त्या रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत ते जे बोलले ते मी जसेच्या तसे लिहितो, कारण मला विचारलेल्या प्रश्नाचे याहून प्रामाणिक उत्तर मी ऐकलेले नाही. ते म्हणाले, "देवानं वचन मोडलं असं मी म्हणणार नाही. वचन पाळलं असंही मी म्हणणार नाही. मी त्यालाच विचारत राहणार." आणि मग त्यांनी नेहमीप्रमाणे प्रभूची प्रार्थना सुरू केली. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या ओळीला त्यांचा आवाज थांबला, आणि ती ओळ माझ्या पत्नीने पूर्ण केली.

मंडळीतल्या ज्यांना वाटते की विश्वास कमी पडला, त्यांना माझा साधा प्रश्न आहे: त्या माणसाने यापेक्षा जास्त काय करायला हवे होते? आणि ज्या शेजाऱ्यांना वाटते की टँकर बंद केला म्हणूनच बाग गेली, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की आमच्या बांधालगतच्या शेतकऱ्याने कर्ज काढून जूनपर्यंत पाणी विकत घेतले, तरी त्याची निम्मी बाग वाळली. टँकर चालू ठेवला असता तर आमची किती झाडे वाचली असती हे कोणीच सांगू शकत नाही. त्या सुवार्तिकांवरचा माझा राग मात्र गेलेला नाही आणि तो गेल्याचे सोंग मी करणार नाही. त्यांनी देवाचे वचन हातात घेऊन एका म्हाताऱ्या माणसाकडून त्याचे पाणी काढून घेतले, आणि पुढच्या गावाला निघून गेले.

त्या दिवसांत मी स्वतःची एक समजूत घातली होती. मी म्हणत असे की, अनुवादातले पावसाचे वचन कनान देशातल्या इस्राएल लोकांना, एका करारात, अटींसह दिलेले आहे. जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा त्यावर हक्कच पोहोचत नाही, त्यामुळे ते मोडले गेले असे म्हणण्याचाही प्रश्न उरत नाही. तेव्हाच्या माझ्याशी आज माझे पटत नाही. असे एकेक वचन मूळ मालकाला परत करू लागलो तर माझ्या हातात काय उरेल? यिर्मयाचे वचनही बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) बंदीवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे. प्रेषित पौल तर करिंथकरांना लिहितो की देवाची जितकी वचने आहेत तितक्यांना ख्रिस्तामध्ये 'होय' आहे. 'जितकी' म्हटल्यावर पावसाचे वचन वेगळे काढायचा अधिकार मला कोणी दिला? उलट बाजूने, डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. म्हणजे माझ्या प्रार्थनेने माझ्याच शेतावर ढग उभा राहावा अशी अपेक्षा धरण्याचे मला कारण नाही, आणि पाऊस नाही म्हणून कोणाचे पाप शोधत फिरण्याचेही नाही. या दोन टोकांमध्ये मी अजून उभा आहे.

यिर्मयाचा तो अध्याय मात्र मी त्यानंतर सबंध वाचला, आणि माझी मंडळीला विनंती आहे की कार्ड वाटण्याआधी त्यांनीही तो सबंध वाचावा. अकराव्या वचनाच्या आधी सत्तर वर्षांची मुदत लिहिलेली आहे. ज्यांच्या हातात ते पत्र पहिल्यांदा पडले त्यांतले बहुतेक लोक परतीची वाट पाहत बाबेलमध्येच मेले असणार. आणि त्यांना देव काय सांगतो? घरे बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांचे फळ खा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा. हे वाचल्यावर 2013 च्या पावसाळ्यानंतर आम्ही निम्म्या जमिनीत पुन्हा मोसंबी लावली आणि शेततळे खोदले. 2014 च्या गारपिटीने रोपे झोडपली, त्यानंतरची दोन वर्षे पुन्हा कोरडी गेली, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते याच काळाच्या शेवटी. आमची काही झाडे राहिली, काही गेली. या वेळी टँकर बंद करायला वडिलांनी सांगितले नाही, आणि पावसाचे वचन वाचायचेही त्यांनी सोडले नाही. दोन्ही एकत्र कसे बसते हे मी त्यांना विचारले नाही. आता ते नाहीत.

एक गोष्ट राहिली. 2013 च्या जूनमध्ये, बाग तोडल्यावर महिन्याभरात, पाऊस आला आणि चांगला आला. मंडळीत त्याच्या साक्षी झाल्या. माझी पत्नीही उठली आणि प्रभूने पाऊस दिला म्हणून तिने उपकार मानले. मी उठलो नाही. घरी आल्यावर मी तिला म्हणालो की हा पाऊस झाडांसाठी उशिरा आला, आणि तो तर सगळ्या तालुक्यावर पडला, ज्यांनी मागितला त्यांच्यावर आणि ज्यांनी नाही मागितला त्यांच्यावरही. ती म्हणाली, "सगळ्यांवर पडला म्हणून तो आपल्यासाठी नव्हता, असं कसं म्हणता?" तिच्या या बोलण्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि त्या पावसाची साक्ष द्यायला मी अजूनही उठलेलो नाही.