आमची वाटचाल: आधी खड्डा, मग फळी

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८६ साली सोलापुरात अक्कलकोट रोडला सुतारकामाचं पत्र्याचं शेड टाकलं, तेव्हा आमच्याकडे घराचं काम क्वचितच यायचं. यायचं ते मागांचं. हातमागाची चौकट सैल झाली, दांडी मोडली, आडवा धागा नेणारा धोटा फुटला की विणकर सायकलवर सामान बांधून दारात हजर. धोट्यावर एवढीशी कुसळ राहिली तरी ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटतो. म्हणून अप्पा रंधा मारून झाला की हाताची पालथी बाजू लाकडावरून फिरवायचे. तळव्याला घट्टे पडलेले असतात, त्याला कुसळ कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या शेडमध्ये आजही प्रत्येक फळी तशीच तपासली जाते.

पुढे माग कमी होत गेले. दारं-खिडक्या आल्या, किचनच्या ट्रॉल्या आल्या. बी.कॉम. झाल्यावर २००९ मध्ये मी हिशोब बघायला म्हणून शेडमध्ये बसले आणि दोन वर्षांत टेप घेऊन साइटवर जायला लागले. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला लागला. अप्पांनी एकदाही 'मुलीला जमेल का' असं विचारलं नाही, हे मला इथे मुद्दाम लिहायचंय.

घरामागच्या डेकचं, म्हणजे खांबांवर उचललेल्या फळ्यांच्या ओट्याचं, पहिलं काम २०१४ चं. जुळे सोलापुरातलं घर, निवृत्त शिक्षक जोडपं. पुण्यात मुलाच्या सोसायटीत त्यांनी लाकडी डेक पाहिला होता. संध्याकाळी ऊन उतरलं की परसात बसायला तसाच हवा, १२ बाय १०. मी चौरस फुटाचा दर सांगितला, त्यांनी होकार दिला आणि आम्ही दीड-दीड फुटाचे खड्डे घेऊन खांब रोवले. काम देखणं झालं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेले त्यांचे पाहुणे तिथेच बसून हुरडा खाऊन गेले.

सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस खरा लागतो. त्या पावसानंतर सरांचा फोन आला, "ताई, एक कोपरा वर आलाय." गेले तर कोपरा दीड इंच उचललेला, मधला भाग तसाच, आणि दोन फळ्यांचे स्क्रू उपटलेले. मी वेल्डरवर संशय घेतला. सर म्हणाले, "पैशाचं नंतर बघू. आधी पाय कुठे टेकलाय ते उकरून पाहू." उकरलं. अडीच फुटांपर्यंत नुसती काळी माती. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जातो. आमचे खांब त्या मातीतच अडकले होते, त्यामुळे तिच्याबरोबर वरखाली होत होते. न फुगणारा घट्ट मुरूम आणखी खाली होता.

सगळा डेक उचलला, मुरमापर्यंत खड्डे नेले आणि परत बसवला. ३८ हजार रुपये आमच्या खिशातून गेले. अप्पा एवढंच म्हणाले, "माती कोणती ते विचारल्याशिवाय दर सांगू नकोस." तेव्हापासून आम्ही कोटेशन तीन भागांत लिहितो: खालचं, मधलं आणि वरचं. गिऱ्हाईक विचारतं ते वरचं, म्हणजे फळी. काम टिकतं ते खालच्यावर.

त्याच १२ बाय १० च्या डेकचा आमचा आजचा हिशोब सांगते. खाली नऊ पाय लागतात. मुरूम तीन फुटांवर लागला तर खोदाई, काँक्रीट, बेसप्लेट आणि भोवती मुरमाची कुटाई धरून एका पायाला अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे साडेबावीस हजार. पाय कमी करून पैसे वाचवा असं बरेच जण सुचवतात. पाय कमी केले की त्यांच्यामधलं अंतर वाढतं, मग जाड पाइप घ्यावा लागतो, त्यामुळे बचत हातात राहत नाही. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पाणी कोण मारणार हेही आम्ही कागदावर लिहून घेतो. नाहीतर ते पाणी कुणीच मारत नाही.

मध्ये लोखंडाचा सांगाडा. चौकोनी पाइप, आडवे दर पंधरा इंचांवर, एकूण वजन साधारण १८० किलो. कापणी, वेल्डिंग, प्रायमर आणि दोन हात रंगासकट किलोला १२० रुपये धरले तर साडेएकवीस हजार होतात. पाइपचं वजन गिऱ्हाइकासमोर काट्यावर करून घेण्याची पद्धत आम्ही २०२१ मध्ये सुरू केली. टाळेबंदीनंतर लोक परसाकडे नव्याने बघायला लागले होते आणि कामं भरपूर होती, पण लोखंडाचा भाव असा चढत होता की महिन्यापूर्वीचं कोटेशन पाळताना पदरचे घालावे लागले. तेव्हापासून आमच्या कोटेशनची मुदत पंधरा दिवस.

वरच्या फळीला मात्र पर्याय आहेत आणि निवड गिऱ्हाइकाची. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली फळी, जिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात, भरीव घेतली तर क्लिपा, कापणीतली घट आणि बसवणुकीसह ४३ हजारांच्या घरात जाते. पोकळ फळी स्वस्त पडते, पण वर जड कुंड्या किंवा झोपाळा येणार असेल तर मी ती देत नाही. डब्ल्यूपीसीला वाळवी लागत नाही, पॉलिश लागत नाही, हे खरं. पण ती उन्हाने लांबीत वाढते. एकदा जानेवारीत आमच्या मिस्त्रींनी फळ्यांची टोकं एकमेकांना घट्ट भिडवली आणि मे महिन्यात मधोमध पोट फुगून आलं. आता दहा फुटी फळीच्या टोकाला सहा मिलिमीटर फट ठेवतो. गडद चॉकलेटी रंगालाही मी नको म्हणते. पारा ४३-४४ वर गेलेल्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघावा. फिका रंग घ्या आणि पश्चिमेला मधुमालतीचा वेल चढवा. वेलाला खर्च काहीच नाही आणि दोन वर्षांत तो डेकचा उपयोग दुप्पट करतो.

माझा जीव आहे तो जुन्या सागवानावर. वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, पाट्या निघतात. १२ बाय १० ला एक इंची फळी म्हणजे दहा घनफूट, पण जुन्या लाकडात खिळे, भोकं, किडका भाग काढून टाकावा लागतो, म्हणून तेरा-चौदा घनफूट घ्यावंच लागतं. घनफुटाला तीन ते चार हजार. दरवर्षी पावसाळ्याआधी तेल पाजावं लागतं. हे सगळं ऐकूनही जे हो म्हणतात, त्यांच्याकडचं काम अप्पा स्वतः बघायला येतात, वय ७८ असलं तरी.

पायरी आणि एका बाजूचं कठडं धरलं की सगळं मिळून लाखाच्या आसपास पोहोचतं, वर १८ टक्के जीएसटी. हा आकडा ऐकून काहींचे चेहरे उतरतात. त्यांना मी स्पष्ट सांगते, शहाबादी फरशीचा कट्टा बांधा. फरशी सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरच्या शहाबादची, इथे सहज मिळते, गवंडीही तयार आहेत, आणि खर्च निम्म्याच्या आत येतो. पाणी शिंपडलं की ती गारही होते. माती तीच असते, म्हणून कट्ट्याखालीही काळी माती काढून मुरूम भरावाच लागतो, एवढं मात्र सोडू नका. कट्ट्याच्या कामात आमचा काही फायदा नाही, पण अशा कितीतरी घरांनी पुढे दारं-खिडक्या आमच्याकडून करून घेतल्या.

आज शेडमध्ये आम्ही नऊ जण आहोत. कोटेशन देण्याआधी एक चाचणी खड्डा घेतो, त्याचे आठशे रुपये लावतो आणि काम मिळालं तर ते वळते करतो. गेल्या आठवड्यात विजापूर रोडला एका घरी खड्डा घेतला, तर मुरूम साडेचार फुटांवर लागला. खालचं काम नऊ हजारांनी वाढलं. घरातल्या आजींनी नातवाला शेजारी बसवून पूर्ण कागद वाचून घेतला आणि मला विचारलं, "खालचं कमी नाही करता येत ना?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी डेकच १२ बाय १० चा १० बाय १० केला, कठडं काढून टाकलं आणि खालच्या आकड्याला हात लावला नाही. सोमवारी खड्डे घेतोय.