ब्रॉडबँड बदलायला भीड कशाची?

इंग्लंडमध्ये घरच्या इंटरनेटचं बिल नव्या गिऱ्हाइकाला कमी येतं आणि जुन्याला जास्त. आपल्याकडे ठरलेला किराणावाला वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला चार पैसे सोडतो, इथे नेमकं उलट. १८ किंवा २४ महिन्यांचा करार करायचा, तेवढ्या काळापुरता सवलतीचा दर मिळतो. करार संपला की इंटरनेट चालूच राहतं, दर मात्र वर जातो. पैसे डायरेक्ट डेबिटने बँक खात्यातून परस्पर जात असतात, म्हणून कित्येकांना वर्षभर पत्ताही लागत नाही.

ही तक्रार जुनी आहे. सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने सप्टेंबर २०१८ मध्ये इथल्या स्पर्धा प्राधिकरणाकडे रीतसर दाद मागितली होती. मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचत खाती या पाचही ठिकाणी एकनिष्ठ गिऱ्हाइकाला भुर्दंड पडतो, असं तिचं म्हणणं होतं. घराच्या विम्यात नूतनीकरणाच्या वेळी जुन्या गिऱ्हाइकाला जास्त दर लावायला जानेवारी २०२२ पासून बंदी आली. ब्रॉडबँडमध्ये तशी बंदी नाही. तिथे ऑफकॉम या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२० पासून एवढंच बंधन घातलं, की करार संपण्याच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीने गिऱ्हाइकाला कळवायचं, पुढे दर किती होणार ते सांगायचं आणि नव्या गिऱ्हाइकांना काय दर देतो तेही सांगायचं. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

आणि तिथेच आपली माणसं अडतात. लंडनच्या हॅरो भागात आमच्या ओळखीचे एक काका-काकू आहेत, सत्तरच्या दशकात इथे आलेले. काकूंनी मला कंपनीकडून आलेलं तसलंच पत्र दाखवलं. महिन्याला ५२ पाउंड जात होते आणि त्याच कंपनीचा, त्याच वेगाचा दर नव्या गिऱ्हाइकाला २८ होता. दोन्ही आकडे एकाच कागदावर, दोन ओळींच्या अंतराने. मी म्हटलं, "काकू, बदलून टाकू." तर काकू म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं त्यांच्याकडे आहोत, आता सोडायचं म्हणजे बरं दिसतं का? आणि चार दिवस नेट गेलं तर नातवंडांशी बोलणार कशी?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सोपं आहे. ज्या कंपनीने २४ पाउंड जास्त घेताना भीड बाळगली नाही, तिला सोडताना आपण कसली भीड बाळगायची? दुसरा प्रश्न मात्र खरा आहे, त्यामुळे त्याचं नीट सांगते.

इथल्या बहुतेक घरांत येणारी तार ओपनरीचची असते. ही बीटी समूहातलीच, पण वेगळी चालवली जाणारी कंपनी. बीटी, स्काय, प्लसनेट, व्होडाफोन अशा कितीतरी कंपन्या तिच्याच तारांवरून सेवा विकतात. म्हणजे अनेकदा कंपनी बदलली तरी तार तीच राहते, फक्त बिल पाठवणारा बदलतो. व्हर्जिन मीडियाचं जाळं वेगळं आहे. शिवाय सिटीफायबर, हायपरऑप्टिक, लंडनमध्ये कम्युनिटी फायबर अशा नव्या कंपन्यांनी आपापल्या फायबरच्या, म्हणजे काचेच्या तंतूंच्या, तारा टाकल्या आहेत. अशा वेगळ्या जाळ्यावर जायचं तर माणूस येऊन भिंतीला भोक पाडतो, आत छोटी पेटी बसवतो. भाड्याचं घर असेल तर त्याआधी घरमालकाला विचारायला हवं.

पूर्वी एका जाळ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर जुन्या कंपनीला स्वतः फोन करून सोडचिठ्ठी द्यावी लागे, तारखा जुळवाव्या लागत. १२ सप्टेंबर २०२४ पासून 'वन टच स्विच' सुरू झालं आणि हे ओझं गेलं. फक्त नव्या कंपनीला सांगायचं. नाव, पत्ता आणि जुन्या कंपनीचं नाव दिलं की दोघी आपापसात जुळवून घेतात. जुनी कंपनी तुम्हाला कळवते की करार मोडल्याचा दंड बसेल का, बसला तर किती, आणि बाकी कोणत्या सेवांवर परिणाम होईल. ते वाचून होकार द्यायचा. बदलाच्या दिवसानंतरचे नोटिशीच्या मुदतीचे पैसे जुनी कंपनी मागू शकत नाही. मधल्या मधे तुम्ही एका कामाच्या दिवसापेक्षा जास्त वेळ इंटरनेटविना राहिलात, तर भरपाई द्यावी लागते. मन बदललं तर नवा करार रद्द करायला १४ दिवसांची मुदतही आहे.

काकांची काळजी निराळीच होती. त्यांचा लँडलाइन नंबर इतका जुना, की साताऱ्याकडचे नातेवाईक अजून त्याच नंबरवर फोन करतात. नंबर सोबत नेता येतो, पण त्यासाठी नव्या कंपनीला ऑर्डर देतानाच सांगायला हवं. आधीच स्वतःहून जुनी लाइन बंद केली तर नंबर हातचा जाऊ शकतो. काही स्वस्त फायबर कंपन्या फोनची सोयच देत नाहीत, तेही आधी विचारून घ्यावं. नव्या पद्धतीत फोन भिंतीऐवजी राउटरला जोडला जातो, त्यामुळे वीज गेली की फोनही जातो. तांब्याच्या तारेवरची जुनी टेलिफोन यंत्रणा जानेवारी २०२७ मध्ये बंद करायचं ठरलेलं आहे, म्हणजे हे आज ना उद्या सगळ्यांच्याच वाट्याला येणार. घरात फक्त लँडलाइनवर अवलंबून असलेलं वयस्क माणूस असेल, किंवा कोणाच्या गळ्यात मदतीला बोलावायचं बटण असेल, तर कंपनीला स्पष्ट सांगा आणि बॅटरीची सोय मागा. अशा लोकांना वीज गेल्यावर किमान तासभर तरी आणीबाणीचा फोन करता यावा, असा नियम आहे.

आता सवलतींचं. जाहिरातीतला महिन्याचा आकडा बघून ठरवू नका, पूर्ण कराराची बेरीज करा. बहुतेक कंपन्या दर एप्रिलमध्ये दर वाढवतात. पूर्वी ही वाढ महागाईच्या आकड्याला बांधलेली असे. २०२३ च्या एप्रिलमध्ये काहींचं बिल १४.४ टक्क्यांनी चढलं होतं. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत वाढ किती होणार ते आधीच पाउंड-पेन्समध्ये लिहून द्यावं लागतं, त्यामुळे हिशेब तरी करता येतो. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही तो केला. एक कंपनी २६ पाउंड, दर एप्रिलला ३ पाउंड वाढ, वर ७५ पाउंडांचं खरेदीचं कार्ड भेट. दुसरी २४ पाउंड, दर एप्रिलला ४ पाउंड वाढ, भेट काही नाही. सप्टेंबरमध्ये सुरू केलं तर २४ महिन्यांत पहिलीचे ६९० होतात, दुसरीचे ६६४. भेट धरली की पहिली ६१५ वर येते आणि ४९ पाउंडांनी स्वस्त पडते. भेट राहून गेली तर तीच २६ पाउंडांनी महाग.

आणि ती भेट राहून जाते, कारण ती आपोआप येत नाही. सेवा सुरू झाल्यावर ठराविक दिवसांत तुम्ही स्वतः वेबसाइटवर जाऊन ती मागायची असते, मगच कार्ड येतं. ती तारीख आम्ही काकूंच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली, शेजारच्याच पानावर संकष्टीच्या नोंदी होत्या.

वेगाच्या मोहातही पडू नका. विक्रेता ९०० एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं माप) पुढे करतो. नेटफ्लिक्स स्वतः फोर-के, म्हणजे अतिस्पष्ट चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं. दोन माणसं व्हिडिओ कॉल करतात, संध्याकाळी मालिका बघतात, त्यांना साठ-सत्तर रग्गड झाले.

बदलायचं नसेल तर घासाघीस करा. फोनवर 'सोडायच्या विचारात आहे' हा पर्याय निवडला की वेगळ्याच खात्याकडे जोडून देतात आणि सवलत द्यायचे अधिकार त्यांच्याकडे असतात. मंडईत मेथीची जुडी घेताना जराही न संकोचणारी आपली माणसं इथे इंग्रजीतून बोलायचं म्हणून गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. काकूंनी फोन स्वतः केला. मी शेजारी बसले होते, एवढंच. जुन्या कंपनीने ५२ चे ३६ केले. काकू म्हणाल्या, "थँक यू, पण २८ चे का नाहीत?" पलीकडून उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी आमच्या हिशेबातल्या पहिल्या, कार्ड भेट देणाऱ्या कंपनीशी करार केला.

पेन्शन क्रेडिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांसाठी बऱ्याच कंपन्या 'सोशल टॅरिफ' हा सवलतीचा दर देतात, साधारण १२ ते २३ पाउंडांत. त्याची जाहिरात फारशी होत नाही, मागून घ्यावं लागतं. आपल्या समाजातले कितीतरी एकटे ज्येष्ठ यात बसतात आणि तरी पूर्ण बिल भरत असतात.

तुमची मुलं इथे शिकायला येत असतील तर त्यांना २४ महिन्यांच्या करारात अडकू देऊ नका. घर वर्षाचं भाड्याने आणि इंटरनेट दोन वर्षांचं, असं झालं तर मधेच सोडताना दंड भरावा लागतो. १२ महिन्यांचा किंवा दर महिन्याला बंद करता येणारा प्लॅन थोडा महाग दिसला तरी त्यांना तोच परवडतो. नव्याने आलेल्यांचा इथे क्रेडिटचा इतिहास, म्हणजे कर्ज-बिलं वेळेवर भरल्याची नोंद, नसतो, त्यामुळे काही कंपन्या नकार देतात, तेव्हाही असाच महिन्याचा प्लॅन कामी येतो. निघताना राउटर परत मागितला असेल तर तो कंपनीने दिलेल्या पिशवीतच पाठवा आणि पोस्टातली पावती जपून ठेवा. राउटर पोचला नाही असं म्हणून त्याचे पैसे लावले, तर हातात दाखवायला तेवढी पावतीच असते.