सेंटर उभा केला

मे महिन्यात प्रतापनगरच्या एका घरी होम थिएटरच्या तक्रारीवर गेलो होतो. तक्रार पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाची: "आईला संवाद कळत नाहीत, सेंटरचा आवाज वाढवून द्या." सेंटर म्हणजे टीव्हीच्या मधोमध, वर किंवा खाली ठेवतात तो स्पीकर. घरी पोचल्यावर कळलं, काकूंच्या कानांची तपासणीसुद्धा झाली होती आणि कान ठीक निघाले होते. तरी घरातले त्यांच्याशी ओरडूनच बोलत होते.

"आवाज येते न भाऊ," काकू म्हणाल्या, "बोलणं नाही समजत."

अर्धं निदान इथेच झालं. नुसता आवाज कमी असता तर वाढवून भागलं असतं.

सेट 5.1 चा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजाचा एक सबवूफर, चांगला महागडा. जागा इंटिरियरवाल्याने ठरवलेल्या. आमच्या धंद्याचं हेच दुखणं आहे: फर्निचर ठोकून झाल्यावर आम्हाला बोलावतात. मागचे दोन स्पीकर समोरच्याच पीओपीत शोभेला बसवलेले. ते बसणाऱ्याच्या बाजूला, जरासे मागे, समोरच्या मध्यापासून 110 अंशांच्या आसपास हवेत. ते हलवले. खरा घोळ सेंटरचा होता. सिनेमातले बहुतेक संवाद त्या एकाच स्पीकरमधून येतात, आणि तोच टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात पार आत ढकललेला, तोंड माणसाच्या गुडघ्यांकडे.

तो कडेपर्यंत पुढे ओढला, खाली रबराचे तुकडे देऊन तोंड वर केलं. सोफ्यावर बसून ऐकलं तर शब्द न् शब्द लख्ख. काकूंच्या खुर्चीत बसलो, तर तेच गिचमिड.

काकू सोफ्यावर बसतच नाहीत. त्यांची खुर्ची कोपऱ्यात. तिथून गॅसवरचं दूध दिसतं आणि कूलरची हवा लागते. आडव्या सेंटरमध्ये सहसा मधे बारीक आवाजाचा छोटा ट्विटर आणि दोन्ही बाजूंना जाड आवाजाचा एकेक वूफर असतो. समोर बसलं की दोन्ही वूफरचा आवाज एकाच वेळी पोचतो. बाजूला बसलं की एकाचा आधी, दुसऱ्याचा किंचित उशिरा, आणि बोलण्याच्या पट्टीतले काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वर कूलरची घरघर. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा असं कोण सांगणार?

खुर्ची हलणार नव्हती, म्हणून सेंटर उभा केला. वूफर एकावर एक आले की डावी-उजवीकडच्या माणसाला दोन्हींचं अंतर सारखंच पडतं. त्यासाठी मधली फळी काढली, ट्विटर जवळपास कानाच्या उंचीला आला. मग कूलर तेवढ्यापुरता बंद करून माइक काकूंच्या खुर्चीवर, त्यांच्या कानाच्या उंचीवर धरला आणि मोजणी त्या जागेची घेतली; माइक जिथे धराल तिथल्या कानासाठी सिस्टीम आवाज जुळवून घेते. कूलर चालू ठेवला असता तर माइकने त्याचाही आवाज धरला असता.

कूलर पुन्हा लावला, सिनेमा लावला. पात्र बोललं आणि काकूंनी ते वाक्य जसंच्या तसं काकांना ऐकवलं. काका गप्पच झाले.

व्हिडिओ कॉलवर मुलगा मात्र नाराज. "मोजणी सोफ्याची करायची असते, आणि हे दिसतंय कसं?" सोफ्याबद्दल त्याचं पुस्तकी म्हणणं बरोबर आहे, मीही मधल्या जागेचीच मोजणी घेतो. पण त्या सोफ्यावर वर्षाचे किती दिवस कोण बसतं? रोज दुपारी टीव्ही बघतात त्या काकू. सिस्टीम कोणाच्या कानासाठी लावायची हे पैसे देणाऱ्याने ठरवायचं की ऐकणाऱ्याने, यावर आमच्या दुकानातही दोन मतं आहेत. माझं ठरलेलं आहे. दिवाळीत मुलगा येऊन सेंटर पुन्हा आडवा करेल याची मला धास्ती आहे, म्हणून निघताना काकांना बजावलं: त्याला आधी काकूंच्या खुर्चीत बसून अर्धा तास सिनेमा बघायला लावा, मग काय ते करा.