कॉलोनिया: ब्रँडी नेऊ नका, दुरुस्तीचं यंत्र न्या

एलिट डेंजरस या अंतराळातल्या संगणक-खेळात आठ टन लेव्हियन ब्रँडी मी 22,000 प्रकाशवर्षं वाहून नेली. तिचा जो भाव कॉलोनियातल्या जाक स्टेशनवर मिळाला, तोच मला ती जिथे बनते त्या लेव्हपासून पाच-सहा उड्यांवर मिळाला असता. या एका वाक्यासाठी हा वृत्तांत लिहायला घेतला आहे. बबल (माणसांच्या मूळ वस्तीचा दाट पट्टा) सोडून पहिल्यांदाच कॉलोनिया या दूरच्या वस्तीकडे निघालेल्या आपल्याकडच्या कुणाचीही अशी फसगत होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

मला जे सांगण्यात आलं होतं ते असं. सीमेवर माल दुर्मीळ असतो, भाव चढे असतात, रिकामं जहाज घेऊन जाणं म्हणजे पैसे रस्त्यात टाकणं. ऐकायला पटतं. कोकणात उतरणारा ट्रक रिकामा कोण नेईल? पण या खेळातला बाजार अंतर मोजत नाही. साध्या मालाचा भाव ठरतो तो स्टेशनची अर्थव्यवस्था काय, लोकसंख्या किती आणि साठा किती यावर. दुर्मीळ मालाचा भाव अंतराप्रमाणे वाढतो हे खरं, पण 160 ते 200 प्रकाशवर्षांच्या आसपास तो माथ्यावर पोहोचतो आणि तिथेच थांबतो. त्यापुढे 200 गेलात काय किंवा 22,000 गेलात काय, हातात तेवढेच क्रेडिट्स. हे मला निघण्याआधी कुणी सांगितलं नाही.

ब्रँडीला जागा हवी म्हणून मी एएफएमयू काढून टाकला. चालत्या जहाजात बिघडलेले भाग दुरुस्त करणारं हे यंत्र. त्याच्या तिसऱ्या क्रमांकाच्या खणात आठ टनांचा कार्गो रॅक बसतो. हिशोब सोपा वाटला. पुढचे सगळे हाल त्या एका अदलाबदलीतून निघाले.

जहाज डायमंडबॅक एक्स्प्लोरर, इंजिनिअरिंग करून 62 प्रकाशवर्षांची उडी. स्वस्त आहे आणि ताऱ्याजवळ तापत नाही, दूरच्या प्रवासाला मी अजूनही हेच सुचवीन. फ्युएल स्कूप (ताऱ्याजवळून इंधन ओढून घेणारं यंत्र) कसा वापरायचा, कोणत्या ताऱ्यांवर इंधन मिळतं (के, जी, बी, एफ, ओ, ए, एम) हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर आधी बबलमध्येच आठवडाभर हिंडा.

साध्या उड्यांनी गेलात तर 62 च्या पल्ल्याने साडेतीनशेच्या वर उड्या होतात. न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून ड्राइव्ह (उडी घेणारं इंजिन) भारून घेतली की पुढची उडी चौपट लांब जाते आणि आकडा शंभर-सव्वाशेवर येतो. म्हणून सगळे न्यूट्रॉनच्या वाटेने जातात आणि जावंच. पण प्रत्येक वेळी ड्राइव्ह थोडी झिजते. एक-दोनदा कळतही नाही. चाळीसेक झोतांनंतर कळतं. एएफएमयू असेल तर दर दहा-बारा झोतांनी दोन मिनिटं थांबायचं, ड्राइव्ह पूर्ववत करायची आणि निघायचं. माझ्या त्या खणात ब्रँडी होती.

त्यातही सगळ्यात वाईट टप्पा बबल सोडल्यावरचा पहिला. न्यूट्रॉन तारे तिथे विरळ आहेत, दाट पट्टा पुढे गाभ्याच्या दिशेने लागतो. नकाशात जेट-कोन बूस्ट (झोतांचा वापर) चालू केलं की मार्ग मधल्या पोकळीत पांढरे खुजे तारेही घुसवतो. त्यांनी उडी फक्त दीडपट होते. धोका मात्र न्यूट्रॉनपेक्षा किती तरी जास्त, कारण झोत आखूड असतो आणि ताऱ्याभोवतीची बंद हद्द, जिथे जहाजाला शिरता येत नाही, त्याला जवळजवळ गिळून बसलेली असते. मी झोतात शिरले, जहाज हेलकावे खाऊ लागलं, नाक सावरायला गेले आणि हद्दीला घासले. सुपरक्रूझमधून (प्रणालीतल्या वेगवान प्रवासातून) धाडकन बाहेर फेकली गेले, तीही झोताच्या आत. तिथून बाहेर पडेपर्यंत हल (जहाजाचं कवच) 41 टक्क्यांवर आणि ड्राइव्ह 78 वर. ऐंशीच्या खाली भाग दगा देऊ लागतात. पुढच्या तीन उड्यांत दोनदा ड्राइव्ह भारता भारता बंद पडली. रात्रीचे दीड वाजले होते, सकाळी ऑफिस, आणि हात अक्षरशः थरथरत होते.

पांढऱ्या खुज्या ताऱ्याचा झोत वापरू नका. कधीच नाही. दीडपट उडीसाठी कुणाचंही जहाज पणाला लावण्याजोगं नाही. मार्गात तसा तारा आला तर गॅस (थ्रॉटल) आधीच शून्यावर ठेवा, पोहोचताच तोंड फिरवा आणि साधी उडी घेऊन पुढे जा.

न्यूट्रॉनचा झोत लांब आणि रुंद असतो. त्याच्या बाहेरच्या टोकाकडे जायचं, नाक ताऱ्यापासून दूर ठेवून आडवं शिरायचं, ड्राइव्ह भारल्याची सूचना आली की पूर्ण गॅस देऊन बाहेर. आत रेंगाळायचं नाही. दहा वेळा केलं की हाताला वळण लागतं. आणि लक्षात ठेवा, न्यूट्रॉनवर इंधन मिळत नाही. माझ्या जहाजाची टाकी 32 टनांची, पूर्ण पल्ल्याच्या उडीला साधारण 5 टन जातात. म्हणजे सहा उड्या. चौथ्या उडीनंतर मिळेल त्या पिवळ्या किंवा लाल ताऱ्यावर टाकी भरून घ्या, सहाव्याची वाट बघू नका. एल, टी, वाय प्रकारचे तपकिरी खुजे आणि टी टॉरी तारे दिसायला तारेच, पण स्कूपला त्यांच्याकडून थेंब मिळत नाही. अडकलातच आणि प्राणवायूची उलटी गिनती सुरू झाली, तर विचार करत बसू नका, लगेच मुख्य मेनूवर बाहेर पडा आणि मग फ्युएल रॅट्सना हाक द्या. 2015 पासून ही खेळाडू मंडळी अडलेल्यांना फुकट इंधन पोहोचवतात. मला गरज पडली नाही, पण ते आहेत या भरवशावरच मी त्या रात्री खेळ बंद करून झोपू शकले.

दुसऱ्या दिवशी दोन उड्यांवर कुणा खेळाडूचा फ्लीट कॅरिअर, म्हणजे इतर जहाजं उतरू शकतील असं अवाढव्य तळ-जहाज, उभा दिसला. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! उतरले आणि दुरुस्तीचा आकडा बघून बसले. कॅरिअरचा मालक सेवांवर हवी ती पट्टी लावू शकतो आणि इथे ती वरच्या टोकाला होती, म्हणजे सरळ दुप्पट. तुटक्या जहाजाने आलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक असणार. मी दिले पैसे. रक्कम मोठी नव्हती, डायमंडबॅकची दुरुस्ती ती काय, पण अडलेल्याला लुबाडणं मला तेव्हाही रुचलं नाही, आज लिहितानाही रुचत नाही. कॉलोनियाच्या वाटेवर ठरावीक अंतरावर कायमची स्टेशनं आहेत, पोलो हार्बर, गागारिन गेट यांसारखी. दुरुस्ती तिथे नेहमीच्या दरात होते. निघण्याआधी ती नकाशात खूण करून ठेवा आणि मार्ग त्यांच्यावरून आखा, थोडा वळसा पडला तरी. शोधलेल्या ताऱ्यांची माहितीही तिथेच विकून टाका. जहाज फुटलं तर विम्याचे 5 टक्के भरून जहाज परत मिळतं, न विकलेली माहिती मात्र कायमची जाते. थेट कॉलोनियात विकू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

गागारिन गेटनंतरच्या दोन रात्री सुरळीत गेल्या. न्यूट्रॉन दाट, ड्राइव्ह नवी, लिहिण्यासारखं काही नाही. एका ग्रहावर उतरून स्ट्रॅटम टेक्टोनिकस या परग्रहावरच्या जीवाचे तीन नमुने घेतले. एकाच जातीला 1 कोटी 90 लाख क्रेडिट्स, आणि तिथे पहिलं पाऊल तुमचं असेल तर वर चौपट बक्षीस. आठ टन ब्रँडी याच्यापुढे किरकोळ. सीमेवर कमाई करायची असेल तर ती अशी, जाता जाता.

आणि मग कॉलोनिया. तेजोमेघ दिसू लागला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. या जागेचा जन्मच अपघातातला. 2016 मध्ये जाक नावाच्या अर्धयंत्र बारवाल्याचं स्टेशन 65,000 प्रकाशवर्षांवरच्या बीगल पॉइंटकडे उडी घ्यायला निघालं आणि गायब झालं. खेळाडूंनी ताऱ्यांमागून तारे धुंडाळून ते शोधलं, ते इथे मोडक्या अवस्थेत सापडलं. मग लोकांनी माल वाहून ते दुरुस्त केलं आणि त्याच्याभोवती वस्ती उभी राहिली. रातराई, टिर, कार्कोसा, पो अशा तारा-प्रणाल्या. गाभ्यातलं कृष्णविवर सॅजिटेरिअस ए इथून 11,000 प्रकाशवर्षांच्या आसपास. कितीही हाल झाले असतील तरी इथे जायलाच हवं, असंच सांगेन. बारमध्ये जाऊन ब्रँडी विकली, भाव वर सांगितलाच आहे.

इथली बाजारपेठ मात्र समजून घ्या. खाणीच्या वस्तीतलं खनिज रिफायनरीला, रिफायनरीचा धातू औद्योगिक आणि हायटेक स्टेशनला, शेतीचं धान्य सगळ्यांना, ही साखळी बबलसारखीच आहे. फरक लोकसंख्येचा. वस्ती लहान म्हणून साठे लहान, मागणीही लहान. बबलमध्ये एका फेरीत भरणारं मोठं जहाज इथे दोन-तीन स्टेशनं फिरून भरावं लागतं आणि तिसऱ्या फेरीला भाव पडतो. मध्यम जहाज ठेवा.

माझं मध्यम जहाज, टाइप-8, बबलमध्ये होतं. ‘इथून मागवता येतं, थोडा खर्च येतो,’ असं मला सांगण्यात आलं होतं. मागवायला गेले तर भाडं जवळपास जहाजाच्या किमतीएवढं आणि वाट बघायची अडीच दिवसांच्या आसपास. थोडा खर्च? त्या पैशात इथेच नवं जहाज घेऊन सजवता येतं, मी तेच केलं. तुमचं लाडकं जहाज आणायचंच असेल तर शिपयार्ड असलेला आणि कॉलोनियाला निघालेला कॅरिअर शोधा, त्यात ते ठेवा. कॅरिअर एका उडीत 500 प्रकाशवर्षं जातो, म्हणजे 44 उड्या. काही जण कसलंही भाडं न घेता नेतात.

हे नवं जहाज मला वस्ती उभारायला हवं होतं. 2025 च्या ट्रेलब्लेझर्स अपडेटपासून खेळाडूला स्वतःची प्रणाली ताब्यात घेता येते. दाव्याला अडीच कोटी क्रेडिट्स, आणि पहिलं बंदर चार आठवड्यांत उभं करायचं, नाहीतर दावा गेला. साधं आउटपोस्ट (लहान बंदर) म्हटलं तरी वीसेक हजार टन माल, म्हणजे 400 टनांच्या टाइप-8 ला पन्नास फेऱ्या. पोलाद, टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम मिळून जातं. घोडं अडतं ते सीएमएम कंपोझिट या बांधकामाच्या मालावर, कारण ते ग्रहांवरच्या रिफायनरी वस्त्यांत बनतं आणि छोट्या बाजारात चटकन संपतं. मग कॅरिअरवाले तेच कित्येक पट भावाने विकायला बसतात. दावा करण्याआधी आपल्या सीएमएमचा झरा शोधा, रोज किती भरतो ते दोन दिवस बघा, मगच पैसे भरा. एकट्याने, पहिल्याच फेरीत, कॉलोनियात हे करू नका. आणि आउटपोस्टवर मोठ्या जहाजाचा पॅड नसतो. बांधकाम चालू असताना मोठी जहाजं उतरतात, काम पूर्ण झालं की नाही. टाइप-9 हे मोठं जहाज घेऊन वस्ती वाढवायचं मनात असेल तर पहिलं बंदर आउटपोस्ट नको.

माझा दावा सध्या तिसऱ्या आठवड्यात आहे, मदतीला पुण्या-नाशिकचे दोघे आहेत. सीएमएमचे 900 टन बाकी. परतीच्या डायमंडबॅकमध्ये त्या तिसऱ्या खणात एएफएमयू बसवून झाला आहे.